स्वार कोण?

भुताच्या गोष्टी रात्री घडतात असं तुम्ही वाचत आला असाल.

ही दुपारी घडली आहे. लख्ख उन्हात.

मी अंबरीश. देवासला शाळेत गणित शिकवतो. जे सिद्ध करता येत नाही ते फळ्यावर लिहायचं नाही, अशी सवय. म्हणून तर हे लिहायला मला पाच महिने लागले. पटलं नाही तर सोडून द्या. मला कुणाला पटवायचं नाही.

तारीख सांगतो. २० एप्रिल २०२५, रविवार. वेळ दुपारी सव्वाबारा. जागा इंदूर-धार रस्ता, घाटाबिल्लोद सोडून थोडं पुढे.

आज खंडेनवमी. उद्या दसरा. उद्यानंतर लिहून काही उपयोग होईल की नाही, माहीत नाही.

आधी गाडी सांगतो, म्हणजे बाकीचं कळेल.

गाडी नानांची. नाना म्हणजे माझे वडील, नारायणराव. साडेतीनशे सीसी, बिडाचं इंजिन, १९७८ सालची. कंपनीचं नाव लिहीत नाही. ज्यांनी तो आवाज ऐकलाय त्यांना कळलंच असेल. हिचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. आताच्या गाड्यांच्या बरोब्बर उलट. नवा माणूस बसला आणि समोर काही आडवं आलं, की तो ब्रेक समजून गिअर दाबतो. मग देवच वाली.

सुरू करायचं म्हणजे एक विधीच. चावी फिरवायची. हँडलची छोटी दांडी दाबून किक हळूहळू खाली न्यायची. मीटरचा काटा मध्ये आला की दांडी सोडायची. आणि मग एकच किक, मनापासून. चुकलात तर किक उलटी येते. माझ्या उजव्या नडगीवर अजून वण आहे.

तेल तर कायम गळायचं. गाडीखाली एक जुनं ॲल्युमिनियमचं ताट ठेवलेलं असे. नाना म्हणायचे, "गळते आहे, म्हणजे आत आहे. काळजी कशास करता?"

एका वायरसाठी इंदूरच्या तीन-तीन फेऱ्या व्हायच्या. पावसात भिजली की दोन दिवस रुसून बसायची. शिव्या घालाव्यात तेवढ्या थोड्या. पण एकदा लागली, आणि दोन्ही बाजूंना गहू उभा असला, आणि साठच्या वेगाने धग धग धग चाललो... की सगळं माफ. लहानपणी मी मागे बसून नानांच्या पाठीला कान लावायचो. इंजिनाचे ठोके त्यांच्या पाठीतून ऐकू यायचे. त्याच्याइतकं सुख मला नंतर कशातच मिळालं नाही.

नाना धारला सरकारी कचेरीत होते. बावीस वर्षं सोमवारी सकाळी साडेसहाला जायचे, शनिवारी संध्याकाळी यायचे. एकदा पडून डावं कोपर मोडलेलं, ते नीट जुळलंच नाही. त्यामुळे गाडीवर त्यांचं डावं कोपर बाहेर फेकलेलं असायचं. मागून कुणी येत असेल तर न वळता दोन बोटं वर करायचे. म्हणजे, सगळं ठीक आहे.

आता रीत सांगतो. सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं.

आमचे पूर्वज पवारांच्या पागेत स्वार होते. महाराष्ट्रातून घोड्यांबरोबर आले आणि इकडचेच झाले. घोडी गेली, रीत राहिली. दसऱ्याला घोड्याची पूजा व्हायची, ती आता गाडीची होते. घरची बाई गाडीला ओवाळते आणि विचारते, "स्वार कोण?" घरातला वडीलधारा पुरुष नाव सांगतो. ते नाव पुढच्या दसऱ्यापर्यंत. आजोबांपासून असंच. नाना स्वतःच हसत सांगायचे, "मी, नारायण."

गेल्या वर्षी श्रावणात नाना गेले. झोपेतच. जाण्याच्या आठवडाभर आधी माईला म्हणाले होते, "गाडी दीपूस द्या."

दीपू म्हणजे दीपेश, माझा धाकटा भाऊ. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. धारला बँकेत नोकरी. तिथल्याच मधुवंतीशी त्याचं लग्न ठरत होतं. ती शाळेत शिकवते. दीपेश हिंदी शाळेत शिकलेला. मराठी बोलतो ती अर्धी हिंदी, आणि वाचायला दिली की, "भिया, तू वाचून सांग ना यार."

मी थोरला. किक खाऊन नडगी माझी फुटली. इंदूरच्या फेऱ्या मी मारल्या. आणि गाडी दीपूला.

मी तोंडाने काही बोललो नाही.

दसरा आला. घरात सण नव्हता, पण माई म्हणाली, "पूजा चुकवायची नाही. घोड्याला सुतक नसतं." अंगणात गाडी उभी केली. झेंडूची माळ घातली. दीपेश हँडल धरून उभा राहिला. नवे कपडे, चेहरा एवढासा. माईने ओवाळलं आणि विचारलं,

"स्वार कोण?"

आता वडीलधारा मी होतो. मी सांगायचं होतं, दीपेश.

मी म्हणालो, "नारायणराव."

माई रडायला लागली. दीपेशनेही डोळे पुसले आणि मला मिठी मारली. सगळ्यांना वाटलं, थोरल्याची किती माया बापावर. मलाही तेच वाटू दिलं मी.

खरं कारण दुसरं होतं. मला ती गाडी दीपूच्या नावावर होऊ द्यायची नव्हती. बस. एवढंच.

माईने डोळे पुसले आणि म्हणाली, "नाव घेतलंस ते घेतलंस. आता वर्षभर गाडी वेशीबाहेर न्यायची नाही. गेलेल्याच्या घोड्यावर दुसरा बसत नाही."

दीपेश हसला. "माई, ते घोड्याचं होतं. याचा तर इन्शुरन्स आहे."

नोव्हेंबरात त्याने गाडी काढली. अर्धा तास किका मारल्या. घामाघूम झाला. मी गच्चीवरून बघत होतो, आणि खोटं कशाला बोलू, मजा वाटत होती. शेवटी तो वैतागून म्हणाला, "नाना, चालू करा ना प्लीज!"

आणि पाय ठेवला...

पहिल्या किकमध्ये लागली.

तो वर बघून हसला. मीही हसलो. योगायोग असतात.

जानेवारीत माझ्या लक्षात आलं, ताट कोरडं आहे.

दोन दिवस पाहिलं. चार दिवस पाहिलं. एक थेंब नाही. वाटलं तेल संपलं. शालिग्राम मिस्त्रींना बोलावलं. तीस वर्षं तेच ही गाडी बघत आलेत. त्यांनी तेल तपासलं. काठोकाठ भरलेलं.

"भिया, या इंजिनातून तेल नाही गळत?" त्यांनी वाकून गाडीखालचं कोरडं ताट पाहिलं. मग हात पुसले. "बिगाड काही नाहीये. पण मला परत नका बोलावू."

पैसेही घेतले नाहीत.

मग तो एप्रिलमधला रविवार.

मधुवंतीच्या घरी तारीख पक्की करायला जायचं होतं. माईला ऊन सोसत नाही, म्हणून आम्ही दोघेच निघालो. दीपेश नानांच्या गाडीवर पुढे, मी माझ्या गाडीवर मागे. इंदूर ओलांडलं. बेटमा गेलं. घाटाबिल्लोदला उसाचा रस प्यालो. दीपेश मजेत होता. म्हणाला, "भिया, हॉल एसीवाला बघू हां. मे में जान निकल जाएगी."

त्याच्या तोंडून ऐकलेलं ते शेवटचं बोलणं. म्हणजे, दीपेशचं.

पुन्हा निघालो. मी त्याच्या मागे वीस-पंचवीस हातांवर होतो. ऊन डोक्यावर. रस्ता मोकळा. गहू कापून झालेला, शेतं पिवळी.

थोडं पुढे गेल्यावर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते कळेना...

मग कळलं.

आवाज नव्हता.

माझ्या गाडीचा येत होता. वाऱ्याचा येत होता. पुढची ती जुनी गाडी, जी दोन गल्ल्यांपलीकडून ऐकू येते, तिचा आवाज नव्हता. चाकं फिरत होती. धूर निघत होता.

मी हॉर्न दिला.

त्याचं डावं कोपर हळूहळू बाहेर गेलं...

आणि मागे न वळता त्याने दोन बोटं वर केली.

 दीपेशचं कोपर कधी मोडलेलं नाही.

तेवढ्यात डावीकडच्या कच्च्या रस्त्यावरून एक ट्रक थेट आडवा आला. मी ओरडलो. माझ्या डोळ्यांसमोर एकच आलं, उजवा पाय. दीपेश घाबरला की उजवा पायच दाबतो. चार वेळा त्याच्या या चुकीतून आम्ही वाचलो होतो.

मी काही करू शकत नव्हतो. वीस हातांवर होतो, पण वीस कोसांवर असतो तरी तेच.

त्याने डावा पाय दाबला. शांतपणे. गाडी न घसरता, न डुलता जागच्या जागी थांबली. ट्रक हातभर अंतरावरून निघून गेला.

मी धावत गेलो. "दीपू! दीपू, लागलं का?"

त्याने मान वळवली. चेहरा दीपेशचाच. घाम नाही, भीती नाही.

"अंबू, पुढल्या चाकाकडे पाहू नये. रस्त्याकडे पाहावे."

हे वाक्य मला गाडी शिकवताना नाना रोज म्हणायचे. दीपेश तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. आणि मला अंबू म्हणणारा एकच माणूस होता.

मी काय केलं? काही नाही. गाडीवर बसलो आणि त्याच्या मागे निघालो. आता आवाज येत होता. धग धग धग.

मधुवंतीच्या घरी त्याने चपला बाहेर जोडीने ठेवल्या. तिच्या आई-वडिलांना हात जोडले. ती पाण्याचा ट्रे घेऊन आली. त्याने पेला उचलला आणि म्हणाला,

"बसा सूनबाई. दमला असाल."



मग तिचे वडील हसले. वाटलं, थट्टा असेल. मधुवंती हसली नाही.

निघताना ती फाटकापाशी आली. माझी बाही धरली. "भैया, ये दीपेश नहीं है." मग स्वतःला सावरून मराठीत म्हणाली, "मी त्यांना विचारलं, तुम्ही मला काय म्हणता? त्यांना नाही आलं. रोज शंभर वेळा म्हणतात ते नाव... नाही आलं. मला माझा दीपेश परत आणून द्या."

मी म्हणालो, आणतो.

मी तिला शब्द दिला होता. मी थोरला होतो ना.

इंदूरच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, वडिलांच्या जाण्याचा धक्का उशिरा बसतो कधी कधी. गोळ्या दिल्या. दीपेश गोळ्या वेळेवर घेतो. नानासुद्धा घ्यायचे.

चावी लपवली. फरक पडला नाही.

मग गाडी विकली. टोंकखुर्दचा अंशुल नावाचा माणूस जुन्या गाड्यांचा वेडा, लगेच घेऊन गेला. दीपेशने एका शब्दाने विचारलं नाही. फाटकापाशी खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसला. दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंशुल गाडी घेऊन हजर. डोळे सुजलेले.

"भिया, वापस रख लो. घरवाली बोल रही है मैं नींद में मराठी बोलता हूँ." त्याने चावी माझ्या हातात कोंबली. "अपने को तो मराठी आती ही नहीं."

दीपेश खुर्चीवरून उठला आणि गाडीच्या टाकीवरून हात फिरवत म्हणाला, "दमली असेल."

जूनमध्ये एका रविवारी संध्याकाळी मी शेवटचा उपाय केला. गाडीचा प्लग काढला. रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. प्लगशिवाय ही गाडी किकसुद्धा घेत नाही. नुसती फुस्स करते. हे गणित आहे. यात श्रद्धेचा प्रश्न नाही.

सोमवारी सकाळी साडेसहाला चहा पीत होतो...

धग.

धग धग.

धग धग धग धग.

मी कपाट उघडलं. रुमाल होता. रुमालात प्लग होता. मी तो हातात धरून खिडकीशी गेलो, तोपर्यंत गाडी गल्लीच्या कोपऱ्यावर पोचली होती. बाहेर काढलेलं कोपर दिसलं. दोन बोटं वर झाली.

प्लग माझ्या मुठीत होता. गरम होता.

मी माईकडे गेलो. तिला सगळं सांगितलं. का नारायणराव म्हणालो, तेही सांगितलं. वाटलं, ती मारेल मला. मारलं असतं तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "आई आहे मी. तुझ्या तोंडावर तेव्हाच दिसलं होतं मला." मग म्हणाली, "दसऱ्याला घेतलेलं नाव दसऱ्यालाच बदलतं. त्याआधी कुणाच्या हातात नाही."

"आणि तोवर?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "अंबरीश, मला कळतं तो माझा दीपू आहे. दीपूची काळजी मला नसेल का? पण शनिवारी संध्याकाळी तो आवाज आला ना... की मला रात्री झोप लागते. ते गेल्यापासून लागली नव्हती. मी काय करू, सांग."



तेव्हापासून दिवस मोजतोय. मधुवंतीचा दर शुक्रवारी फोन येतो. ती एकच विचारते, "दसरा किती तारखेला?" मी सांगतो, दोन ऑक्टोबर. गुरुवार. ती म्हणते, "मी येते." दुसरं स्थळ आलं होतं तिला. नाही म्हणाली.

उद्या माई विचारेल, स्वार कोण? मी म्हणेन, दीपेश. एक शब्द. किती सोपं आहे. रोज आरशासमोर म्हणून बघतो.

पण आज दुपारी...

दीपेश सणाची सुट्टी काढून आलेला, अंगणात गाडी धूत होता. बाह्या दुमडलेल्या. मी पायरीवर बसलो होतो. त्याने मान वर न करता विचारलं,

"अंबू, उद्या नाव घरातल्या वडीलधाऱ्याने सांगायचे ना?"

"हो," मी म्हणालो. "म्हणजे मी."

तो हसला. लहान मुलाच्या चुकीला हसतात तसं. आणि पुन्हा फडकं फिरवू लागला.

त्यानेच आधी सांगितलं तर? "मी, नारायण," असं म्हणाला तर? मग पुढचं वर्ष. आणि त्याच्या पुढचं. मधुवंती किती थांबेल? दीपू जिथे कुठे असेल तिथे किती थांबेल?

मी जोरात हाक मारली. "दीपू!"

त्याने बघितलं नाही.

"दीपेश! अरे दीपू!"

फडकं फिरत राहिलं. टाकीवरून, मग हँडलवरून.

आणि मग माझ्याच तोंडातून... मी ठरवलं नव्हतं, शपथ घेऊन सांगतो...

"नाना?"

"काय रे, अंबू?"

त्याने लगेच मान वर केली. उन्हात डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. मग ओला हात पँटला पुसला आणि मागच्या सीटवर थोपटलं. ये, बस. एक चक्कर मारू.

मी उठलो. बसलो. त्याने एका किकमध्ये गाडी लावली. आम्ही टेकडीपर्यंत जाऊन आलो. जाताना मी त्याच्या पाठीला कान लावला.

ठोके तसेच येत होते.

किती बरं वाटलं, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. मला त्याचीच भीती वाटते. आता घरी आलोय, आरशासमोर उभा आहे, आणि ते नाव म्हणून बघतोय. दीपेश. दीपेश.

मघापासून तोंडातून येत नाहीये.